मोठा कण वर येतो

१९७०च्या दशकातली गोष्ट. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात योझेफ होहेनएस्टर नावाचे एक वनाधिकारी होते. आल्प्सच्या उतारांवर शिकार करायची आणि मारलेले जनावर खांद्यावर टाकून खाली आणायचे, हे त्यांच्या कामातच येत असे. असे ओझे घेऊन उतरताना ते हिमस्खलनात सापडले आणि वाचले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या लक्षात आली. खांद्यावर जनावर असताना ते बर्फाखाली गेलेच नव्हते, वरच राहिले होते. ओझे वाढले की माणूस जास्त खोल जाईल, असे कुणालाही वाटेल. इथे नेमके उलटे घडले होते.

जनावराऐवजी हवेने फुगवलेले काहीतरी पाठीवर घेतले तर? होहेनएस्टर यांनी त्या दिशेने प्रयोग सुरू केले. पुढे पेटर आशाउअर या जर्मन उद्योजकाने त्यांच्या कल्पनेचे पेटंट विकत घेतले आणि १९८५मध्ये हिमस्खलनासाठीची पहिली एअरबॅग बाजारात आणली. दिसायला ती साधी सॅकच. खांद्याच्या पट्ट्यावर एक हँडल असते. ते जोरात ओढले की तीनेक सेकंदांत पाठीमागे सुमारे १५० लिटरचा भडक रंगाचा फुगा उभा राहतो. आज आल्प्समध्ये किंवा उत्तर अमेरिकेतल्या डोंगरांत, आखून दिलेल्या उतारांच्या बाहेर स्कीइंग करणाऱ्या कितीतरी लोकांच्या पाठीवर अशी सॅक असते. टनावारी बर्फ ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने कोसळत असताना हवेची एक पिशवी माणसाला वर कशी ठेवते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा फारच सुंदर आहे.

त्यासाठी आधी हिमस्खलन समजून घ्यावे लागेल. डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध गादी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा, प्रत्येक वाऱ्याचा, प्रत्येक निरभ्र थंड रात्रीचा त्यात वेगळा थर असतो. निरभ्र रात्री पृष्ठभागावर पिसासारखे नाजूक स्फटिक वाढतात. ते पाहायला फार देखणे असतात, पण त्यांची एकमेकांवरची पकड अगदी कच्ची असते. पुढच्या हिमवृष्टीत ते गाडले जातात आणि वरच्या जड, घट्ट थराखाली एक कमकुवत पापुद्रा तयार होतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाचे वजनसुद्धा हा पापुद्रा मोडायला पुरते. एका जागी तो मोडला की भेग क्षणार्धात दूरवर धावते आणि वरचा अख्खा थर सुटून खाली घसरू लागतो. हिमस्खलनात जीव गमावलेल्या हौशी स्कीपटूंचे आणि गिर्यारोहकांचे अपघात तपासले, तर दहापैकी सुमारे नऊ वेळा ते हिमस्खलन त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते. संकट क्वचितच अवचित वरून येऊन कोसळते. बहुतेक वेळा ते आपल्याच पायांखालून सुटते.

सुटलेला थर आधी मोठ्या तुकड्यांत फुटतो. तुकडे एकमेकांवर आपटून, घासून बारीक होत जातात. काही सेकंदांतच त्याचा पिठासारख्या भुकटीपासून डोक्याएवढ्या ढेकळांपर्यंत सर्व आकारांच्या कणांचा वाहता लोंढा होतो. वाहताना तो सैल असतो. थांबला की मात्र सगळे बदलते. धडका आणि घर्षण यांमुळे कणांचे पृष्ठभाग बदललेले असतात, ते एकमेकांना चिकटतात आणि बर्फ जागच्या जागी आवळून बसतो. आत अडकलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. तोंडासमोरचा बर्फ श्वासाच्या उबेने वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्याचा कवचासारखा थर होतो. ताजी हवा येईनाशी होते आणि आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा छातीत जाऊ लागतो. थंडीने माणूस मरायला बराच वेळ लागतो. गुदमरायला मात्र थोडी मिनिटे पुरतात.

ही मिनिटे किती, हे स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून कळते. १९९४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या प्रसिद्ध अभ्यासानुसार, बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून अधिक लोक वाचत होते. ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरत होते. १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांच्या स्विस नोंदींचा नवा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याने ही मुदत आणखी आखूड केली. जगण्याची ९१ टक्के शक्यता फक्त पहिल्या दहा मिनिटांपुरती. तिसाव्या मिनिटाला ती ३१ टक्के. इतक्या वेळात हेलिकॉप्टर क्वचितच पोहोचते. शोधायचे आणि खणायचे ते शेजारी उभ्या असलेल्या मित्रांनीच.

म्हणून डोंगरात जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये तीन वस्तू असायलाच हव्यात असा दंडक आहे: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा बीकन, बर्फात खुपसून शोध घेण्याची प्रोब नावाची लांब घडीची काठी, आणि फावडे. या तिन्ही वस्तूंचे काम माणूस गाडला गेल्यानंतर सुरू होते. एअरबॅगचे वेगळेपण इथे आहे. तिचा सगळा खटाटोप माणूस मुळात गाडलाच जाऊ नये यासाठी असतो.

आता फुग्याकडे वळू. पहिले उत्तर मनात येते ते तरंगण्याचे. पाण्यात टायरची ट्यूब धरून माणूस तरंगतो, तसेच इथे होत असणार. हिशेब करून पाहू. ८० किलोच्या माणसाचे आकारमान साधारण ८० लिटर असते, म्हणजे त्याची घनता जवळपास पाण्याइतकीच. त्याला १५० लिटरची हवा जोडली की आकारमान २३० लिटर होते आणि सरासरी घनता लिटरमागे सुमारे ३५० ग्रॅमवर येते. बराच फरक पडला खरा, पण वाहता बर्फही हवा मिसळल्यामुळे हलकाच असतो. त्याची घनता पाण्याच्या एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी असू शकते. म्हणजे फुगा लावूनसुद्धा माणूस भोवतालच्या बर्फापेक्षा हलका होईलच, याची खात्री नाही. नुसत्या तरंगण्यावर भिस्त ठेवली असती, तर हे यंत्र अनेकदा अपुरे पडले असते. होहेनएस्टर यांच्या खांद्यावरचे जनावर तर बर्फापेक्षा नक्कीच जड होते. तरीही ते वर राहिले.

खरे उत्तर दिवाळीच्या फराळात आहे. चिवड्याचा डबा चार दिवस इकडून तिकडे हलला, की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात आणि पोह्यांचा चुरा, मीठ, मसाला तळाशी जातो. शेंगदाणा चुऱ्यापेक्षा हलका नाही, उलट जडच आहे. तरीही तो वर येतो, कारण तो मोठा आहे. डबा हलतो तेव्हा कणांमध्ये क्षणभर फटी पडतात. बारीक कण त्या फटींतून खाली सरकतात. शेंगदाण्याला मावेल एवढी फट कधी पडतच नाही. त्याच्या खाली बारीक कण साचत जातात आणि तो पायरी पायरीने वर ढकलला जातो. कणांच्या या जगात वजनापेक्षा आकाराला जास्त किंमत आहे.

भौतिकशास्त्रज्ञ या प्रकाराला ‘ब्राझील नट परिणाम’ म्हणतात. मिश्र सुकामेव्याच्या डब्यात ब्राझील नट हा सर्वांत मोठा दाणा नेहमी वर येतो, त्यावरून हे नाव पडले. १९८७मध्ये काही संशोधकांनी संगणकावर कणांची हालचाल रचून हा परिणाम दाखवून दिला, आणि रोजच्या पाहण्यातली ही गोष्ट गंभीर संशोधनाचा विषय झाली. निसर्गात तिच्या खुणा जागोजागी आहेत. मोठ्या दरडी आणि दगडमातीचे लोंढे जिथे येऊन थांबतात, तिथे पुष्कळदा मोठे धोंडे वर आणि बारीक माती खाली अशी रचना भूवैज्ञानिकांना सापडते.

वाहते हिमस्खलन हाही कणांचाच लोंढा. त्यात माणूस हा एक कण आहे, तसा मोठाच. फुग्यामुळे हा कण आणखी कितीतरी मोठा होतो. ८० लिटरचा माणूस क्षणात २३० लिटरचा होतो, जवळपास तिप्पट. लोंढा सतत घुसळत असतो, बारीक बर्फ माणसाच्या खालच्या फटी भरत राहतो आणि तो वर वर सरकतो. घनता कमी झाल्याचीही थोडी मदत होतेच. डाव्होस इथल्या स्विस हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात खऱ्या हिमस्खलनांत फुगे लावलेले पुतळे सोडून ही कल्पना तपासली होती. एका वनाधिकाऱ्याला डोंगरात आलेला अनुभव, फराळाच्या डब्यातला शेंगदाणा आणि दरडीत वर आलेला धोंडा हे सगळे एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे उमगते तेव्हा मन थक्क होते.

या नियमाला एक अट आहे आणि ती जिवाची आहे: हे सगळे लोंढा वाहत असेपर्यंतच चालते. घुसळण थांबली की वर येणेही थांबते. थांबलेल्या बर्फात फुगा माणसाला तसूभरही वर उचलू शकत नाही. म्हणून फुगा लोंढ्याच्या अगदी सुरुवातीलाच उघडावा लागतो.

तीन सेकंदांत १५० लिटर हवा आणायची कुठून? एका पद्धतीत छोट्या नळकांड्यात नायट्रोजन किंवा हवा कोंबून भरलेली असते. तिचा दाब २०० बारच्या घरात किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट किंवा त्याहून अधिक. एवढे भरूनही त्या लहानशा नळकांड्यातला वायू संपूर्ण फुगा भरायला पुरत नाही. इथे अभियंत्यांनी एक छान युक्ती केली आहे. वायूचा झोत अरुंद तोंडातून प्रचंड वेगाने सुटतो, त्याच्याभोवतीचा दाब घटतो आणि बाहेरची हवा त्या झोताबरोबर आत ओढली जाते. फुग्यातली पुष्कळशी हवा अशी त्या डोंगरावरचीच असते. दुसऱ्या पद्धतीत बॅटरीवर फिरणारा शक्तिशाली पंखा फुगा भरतो. २०१४च्या सुमारास आलेल्या अशा एका सॅकचा फुगा २०० लिटरचा होता आणि तीन मिनिटांनी तो आपोआप रिकामा होत असे. माणूस गाडला गेलाच, तर फुग्याच्या जागी हवेची पोकळी राहावी, हा त्यामागचा विचार. कडाक्याच्या थंडीत बॅटऱ्या दगा देतात, म्हणून पुढे काही उत्पादकांनी त्यांच्याऐवजी वीज साठवणारे सुपरकपॅसिटर वापरले. विजेवरच्या सॅकचा मोठा फायदा म्हणजे ती घरच्या अंगणात पुन्हा पुन्हा फुगवून सराव करता येतो. नळकांडे मात्र एकदा वापरले की भरून किंवा बदलून घ्यावे लागते.

फुग्याने काय साधते, हे १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जगाने पाहिले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीक या उतारावर अनुभवी स्कीपटूंचा एक मोठा गट उतरत होता. वरचा थर सुटला आणि चौघे जण अरुंद घळीतून काही शे मीटर खाली वाहून गेले. व्यावसायिक स्कीपटू एलिस सॉगस्टॅड यांनी लोंढ्यात सापडताच हँडल ओढले. सगळे थांबले तेव्हा त्या उताण्या पडलेल्या होत्या. अंग बर्फात घट्ट आवळलेले होते, पण चेहरा आणि हात बाहेर होते. सोबत्यांनी त्यांना खणून काढले. वाहून गेलेले बाकी तिघे मरण पावले. या दुर्घटनेवर ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये जॉन ब्रांच यांनी लिहिलेल्या ‘स्नो फॉल’ या वृत्तान्ताला २०१३चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि एअरबॅग हा विषय डोंगराबाहेरही चर्चिला जाऊ लागला.

अशी एखादी हकिकत ऐकली की फुगा म्हणजे कवचकुंडले वाटू लागतात. त्या काळात एअरबॅग वापरणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोक वाचतात, असा आकडाही सर्रास सांगितला जाई. तो मोहक होता, पण त्यात एक खोट होती. हिमस्खलनात सापडलेले बरेच जण फुग्याशिवायही वाचतात. कुणी लोंढ्याच्या कडेला असतो, कुणाला लहानशा लोंढ्याने नुसते ढकललेले असते. त्यांचेही श्रेय फुग्याला दिले, तर आकडा फुगणारच. संशोधक पास्कल हेगेली आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये अनेक देशांतल्या अपघातांच्या नोंदी एकत्र केल्या. फुगा असलेले आणि नसलेले लोक एकाच गंभीर हिमस्खलनात सापडले होते असे अपघात निवडून त्यांनी खरी तुलना केली.

त्यांचे निष्कर्ष असे. फुगा उघडलेला नसेल, तर डोके-छाती बर्फाखाली जाऊन श्वास कोंडण्याची शक्यता ४७ टक्के. फुगा उघडला असेल, तर ती २० टक्के. असे गाडले गेलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ४४ टक्के होते, आणि न गाडले गेलेल्यांत फक्त ३ टक्के. या आकड्यांचा गुणाकार करून पाहा. फुग्याविना १०० जणांमागे २२ मृत्यू, फुग्यासह ११. म्हणजे गंभीर हिमस्खलनात सापडलेल्या १०० माणसांपैकी ७८ जण कसेही वाचले असते. ११ जण फुग्यामुळे वाचले. आणि ११ जण फुगा उघडूनही गेले. मृत्यू निम्म्यावर आणणारे उपकरण ही फार मोठी गोष्ट आहे. उरलेला निम्मा भागही तितकाच खरा आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एअरबॅग पाठीवर असूनही दर पाच जणांपैकी एकाची फुगलीच नाही. यातल्या ६० टक्के प्रसंगांत कारण यंत्राचे नव्हते. माणसाला वेळेवर हँडल ओढता आले नव्हते. पायांखालची जमीन सुटते, माणूस गडगडत असतो, हातात काठ्या असतात. त्या दोन-तीन सेकंदांत हात नेमका हँडलवर जायला हवा. ते विचार करून जमत नाही, फक्त सवयीने जमते. म्हणून जाणकार सांगतात की निघण्यापूर्वीच हँडल बाहेर काढून ठेवा, नळकांडे आणि बॅटरी प्रत्येक वेळी तपासा, मांडीखालून जाणारा पट्टा न चुकता बांधा. तो नसेल, तर लोंढा सॅक डोक्यावरून ओढून काढू शकतो. आणि ओढण्याचा सराव करत राहा.

फुगा जिथे हतबल ठरतो, त्या जागाही ओळखून घ्यायला हव्यात. अरुंद घळीत किंवा उताराच्या तळाशी बर्फ पसरायला जागा नसते, तो थरावर थर साचत जातो आणि वर आलेला माणूसही गाडला जाऊ शकतो. उताराच्या पायथ्याशीच लोंढ्याने गाठले, तर घुसळून वर यायला वेळच मिळत नाही. पहिला लोंढा थांबल्यावर दुसरा आला, तरी तीच गत. आणि वाटेत झाडे किंवा कडा असेल, तर गुदमरण्याआधी आघातानेच मृत्यू येऊ शकतो. कॅनडातल्या एका अभ्यासात हिमस्खलनातल्या मृत्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा जखमांमुळे झालेला आढळला. फुगा माणसाला मोठा करतो, पण झाडावर आदळण्यापासून वाचवण्याची हमी देत नाही.

यातला सर्वांत सूक्ष्म धोका मात्र बर्फात नसून मनात आहे. पाठीवर फुगा आहे या भरवशावर माणूस एरवी टाळला असता असा उतार निवडू लागला, तर निम्म्यावर आलेला मृत्यू पुन्हा मूळ जागी जायला वेळ लागणार नाही. फुगा उघडावा लागला, याचा अर्थ त्याआधीचा एखादा निर्णय चुकलेला होता.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. काश्मीरमध्ये गुलमर्गची गोंडोला ही केबल कार प्रवाशांना अफरवट पर्वतावर सुमारे ४,००० मीटर उंचीजवळ नेऊन सोडते आणि तिथून खाली स्कीइंग करायला जगभरातून लोक येतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. सह्याद्रीत तयार झालेली कितीतरी मराठी मुले-मुली हिवाळी ट्रेकसाठी उत्तराखंड आणि हिमाचलात जातात, काही जण गुलमर्गला स्कीइंग शिकतात. एअरबॅग मुख्यतः उघड्या उतारांवर स्कीइंग करणाऱ्यांसाठी आहे. मळलेल्या वाटेने चालणाऱ्या ट्रेकरला तिची गरज क्वचितच पडेल. विमानाने नेणार असाल, तर नळकांड्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा.

पण फुग्याच्या आधी येणाऱ्या गोष्टी प्रत्येकासाठी आहेत. डीआरडीओची चंडीगडची हिमस्खलन संस्था, डीजीआरई, हिवाळ्यात हिमालयीन राज्यांसाठी धोक्याचे अंदाज देते. ते निघण्यापूर्वी वाचा. ताजी हिमवृष्टी झाली असेल, तर उताराचा कोन विचारा. गटातल्या प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि फावडे आहे का आणि ते वापरता येते का, हे ट्रेक नेणाऱ्या संस्थेला स्पष्ट विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर जाऊ नका. एवढे सगळे केल्यानंतर स्कीइंगसाठी फुगा घ्यायचा असेल, तर जरूर घ्या आणि हँडल ओढण्याचा सराव घरीच करा. शंभरातल्या त्या अकरा जणांत आपण असण्याची शक्यता त्या सरावावरच अवलंबून आहे.